आमच्याकडे हिदाया आहे

पहिल्या तासाला मी कधीच काही शिकवत नसे. वर्गात शिरायचं, एसी जरा कमी करायला सांगायचं आणि विचारायचं, "या विषयाकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत?" उत्तरं दर वर्षी साधारण तीच असत. "चर, परीक्षा आहे का?" सिंगापूरला टीचरचं 'चर' होतं, आणि त्यात अनादर काही नसतो. "स्लाइड्स आधी मिळतील?" "ग्रुप प्रोजेक्टला किती टक्के?" एकदा मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, "चर, दुसरा विषय फुल झाला होता." त्या मुलाचं मला अजून कौतुक वाटतं. खरं बोलून तो मोकळा झाला, आणि निदान त्याच्या अपेक्षा तरी मी पुऱ्या केल्या.

विषय होता 'अल्पसंख्याक आणि प्रसारमाध्यमं'. पुण्यात मी बरीच वर्षं एका वर्तमानपत्रात होते. अविनाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सिंगापूरला आयटीतली नोकरी मिळाली आणि मी त्याच्या नोकरीला जोडलेल्या पासवर मागोमाग गेले. हा पास म्हणजे नवऱ्याची नोकरी आहे तोवर बायको देशात. चोआ चू कांगला भाड्याचा फ्लॅट घेतला, आणि वर्षभर भाजी निवडून झाल्यावर एका पॉलिटेक्निकमध्ये अर्धवेळ शिकवायला लागले. पॉलिटेक्निक म्हटलं की आपल्याकडे लेथ मशीन डोळ्यांसमोर येतं. तिथे पत्रकारिता, फॅशन, हॉटेल, सगळंच पॉलिटेक्निकमध्ये शिकवतात. माझी मुलं सतरा ते वीस वयाची, हातात बबल टीचा मोठा ग्लास आणि चेहऱ्यावर कायमची झोप. ही गोष्ट दोन हजार दहानंतरच्या वर्षांतली आहे.

तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांना वाटायचं, मी मुलांना सगळ्यांशी गुण्यागोविंदाने राहायला शिकवते. ते त्या मुलांना बालवाडीपासून शिकवलेलं असतं, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं. माझं काम निराळं होतं. बातमी कुणाला काय विचारते, एवढंच मी बघायला लावायची. एक आठवडाभर बातम्या बघा आणि सांगा, डेंगीबद्दल कुणाला विचारलं, घरांच्या किमतींबद्दल कुणाला, आणि सणाबद्दल कुणाला. मुलं बघून येऊन सांगायची. मलाय माणूस ईदला दिसायचा, भारतीय दीपावलीला. डेंगीचा डास काही सण बघून चावत नाही, पण डेंगीबद्दल या दोघांना सहसा कुणी विचारत नसे.

दुसरी एक रीत होती. सामान्य माणसाचं मत घ्यायला वार्ताहर ब्लॉकखालच्या, म्हणजे सरकारी फ्लॅटांच्या इमारतीखालच्या, मोकळ्या जागेत जातात. तिथे एक चिनी आंटी, एक मलाय बाई, एक भारतीय अंकल आणि जमलंच तर चौथा कुणी, असे गाठायचे. देशाने माणसांचे चिनी, मलाय, भारतीय आणि इतर असे चार डबे केलेत, प्रत्येक डब्यातलं एकेक शीत चेपून बघितलं की भात शिजला. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. कुणी सुटू नये म्हणूनच ही काळजी घेतलेली असते. आणि म्हणूनच ती चूक दाखवणं अवघड जातं.

मुलांची माझ्याकडून खरी अपेक्षा वेगळीच होती. त्यांना यादी हवी होती. काय बोललं तर चालतं, काय बोललं तर चालत नाही, दोन रकाने करून द्या, पाठ करतो. यादी मी दिली नाही. त्यामुळे शिक्षकांच्या मूल्यमापनात दर वर्षी कुणी ना कुणी लिहायचंच, 'चर छान आहेत, पण उत्तर देत नाहीत.'

त्या वर्षी पहिल्या तासाला एक गंमत बघितली. सिंगापूरला हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलं की आधी टेबल धरतात आणि मग जेवण आणायला जातात. टेबल धरायचं म्हणजे त्यावर टिश्यूचं एक छोटं पाकीट ठेवायचं. याला 'चोप' म्हणतात. त्या पाकिटाला कुणी हात लावत नाही. कितीही गर्दी असो, ट्रे घेऊन माणसं उभी राहतील, पण पाकीट हलवणार नाहीत. तर मी वर्गात शिरले, तेव्हा जुन हाओ नावाचा एक उंच, चळवळ्या मुलगा आपल्या शेजारच्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवून दाराकडे बघत बसला होता. वाटलं, मैत्रीण यायची असेल. आली ती हिदाया. डोक्याला करडा रुमाल, पाठीवर कॅमेऱ्याची जड बॅग. वर्गातली ती एकमेव मलाय मुलगी. जुन हाओने पाकीट उचललं, ती बसली, आणि त्याने शेजारच्या दोघांना अंगठा उंचावून 'जमलं' अशी खूण केली.

तास संपल्यावर हिदाया थांबली. सगळे गेल्याची खात्री करून म्हणाली, "चर, माझी एक अपेक्षा आहे. वर्गात सांगता आली नाही."

"आता सांग."

"मलाय लोकांना काय वाटतं, हे मला विचारू नका. प्लीज. प्रायमरी वनपासून मीच सांगत आलेय. रोजा म्हणजे काय, पाणी पण नाही का, झोपताना रुमाल काढतेस का. मला कंटाळा आलाय."

मी म्हटलं, "नाही विचारणार." शब्द देणं सोपं होतं. अडचण अशी की वर्गात बोलण्याचे मार्क त्या विषयात चांगले भरभक्कम होते. आणि हिदायाला जायचं होतं न्यूजरूममध्ये. एका वृत्तवाहिनीकडे आमचा विभाग दर वर्षी एकच विद्यार्थी उमेदवारीला, म्हणजे इंटर्नशिपला, पाठवायचा आणि तो माझ्या विषयाच्या मार्कांवर ठरायचा. तिला तिथे जायचंय, हे तिच्या कॅमेऱ्याच्या बॅगेवरूनही कळत होतं. बोलली नाही तर ती संधी जाणार होती, आणि बोलायला लागली की वर्ग तिच्याकडून एकच गोष्ट ऐकायला टपलेला होता.

मी विचारलं नाही, पण वर्गाच्या माना विचारायच्या. 'मलाय' शब्द उच्चारला की सगळी डोकी एकदम तिच्याकडे वळत. हिदाया वहीत मांजरं काढत राही. एका तासाला रमजानच्या बातम्यांचा विषय निघाला, माना वळल्या, आणि माझा पारा चढला. मी जुन हाओला उभं केलं.

"जुन हाओ, चिनी लोकांना लग्नाबद्दल काय वाटतं?"

"कुठल्या चिनी लोकांना, चर?"

"सगळ्या."

"मला कसं माहीत? एवढे चिनी आहेत. माझ्या आईबाबांचंच एकमत नाही."

वर्ग हसला. मी म्हटलं, "बस खाली. आजचा धडा झाला." स्वतःवर भलतीच खूश होऊन मी स्टाफरूममध्ये कॉफी ओतून घेत होते, तेवढ्यात हिदाया दारात आली. चेहरा लाल.

"चर, तुम्ही ते माझ्यासाठी केलं ना?"

"मग? बरं नाही झालं?"

"आता सगळ्यांना कळलं की मला त्रास होतो. आधी नुसते बघायचे. आता सॉरी म्हणायला येतायत. तिघं आले. एकाने केक आणलाय."

तिच्या हातात खरंच केक होता. तो केक आम्ही दोघींनी उभ्याउभ्या संपवला, आणि चव मात्र चांगली होती.

मग प्रोजेक्टचे दिवस आले. चौघांचा गट, दहा मिनिटांची फिल्म, विषय कुठलाही अल्पसंख्य गट. जुन हाओच्या गटाला काय करणार म्हणून विचारलं, तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की हा काय प्रश्न झाला. "चर, आमच्याकडे हिदाया आहे."

तेव्हा मला पहिल्या दिवसाच्या टिश्यूच्या पाकिटाचा अर्थ लागला. गल्लीत क्रिकेटचे संघ पाडताना पोरं चांगल्या बोलरवर आधी हात ठेवतात, तसा त्याने हात ठेवला होता. हिदायाचं घर, हिदायाची आई, हिदायाची ईद, घरबसल्या 'ए' ग्रेड. मुलगा दुष्ट नव्हता. त्याला मार्क हवे होते आणि ते कुठे मिळतात, हे शाळेनेच त्याला शिकवलेलं होतं.

हिदाया मांजर काढायची थांबली. "मला लिफ्टवर करायचंय," ती म्हणाली.

"कशावर?"

"लिफ्ट. माझ्या ब्लॉकची."

ती सेम्बावांगकडच्या एका जुन्या वसाहतीत राहायची. तिथल्या जुन्या ब्लॉकची लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबत नसे. काही ठराविक मजल्यांवर थांबायची, बाकीच्यांनी तिथून जिन्याने चढा किंवा उतरा. पुढे सरकारने बहुतेक ब्लॉकना मजल्या-मजल्यावर थांबणारी लिफ्ट करून दिली, तिच्या ब्लॉकचं काम तेव्हा राहिलं होतं. "ज्यांच्या मजल्यावर लिफ्ट थांबत नाही ते लोक," ती म्हणाली. "अल्पसंख्यच ना, चर? त्यांना कोण विचारतं?"

"लिफ्टला कोण 'ए' देणार?" जुन हाओ कळवळून म्हणाला. "तुझ्या घरी ईदला इतकं छान जेवण असतं!"

"जेवायला ये. कॅमेरा घरी ठेवून ये."

आमच्या विभागप्रमुख मिसेस टॅन यांच्याकडे मी विषय मंजूर करून घ्यायला गेले. बाई शिस्तीच्या, मनाने चांगल्या. त्या म्हणाल्या, "वंश, धर्म, भाषा, अपंगत्व असं अभ्यासक्रमात लिहिलंय. लिफ्ट लिहिलेली नाही. बाहेरचे परीक्षक मार्क कापतील, मग मला म्हणू नका." मी हे जसंच्या तसं हिदायाला सांगितलं, उमेदवारीचंही सांगितलं. तिने कॅमेऱ्याच्या बॅगेचा पट्टा सारखा केला. मग म्हणाली, "ईदवर फिल्म करून गेले, तर तिथे गेल्यावरही मला ईदच देतील ना?"

मी विषय मंजूर केला.

फिल्म फार सुंदर नव्हती, आवाज मधूनमधून फाटत होता. पण माणसं होती. गोह नावाचे एक अंकल रोज लिफ्टने घराच्या वरच्या थांब्यापर्यंत जाऊन तिथून जिना उतरून घरी येत, कारण त्यांच्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं परवडे. कपाट पोचवायला आलेली माणसं ते लिफ्टच्या मजल्यावरच ठेवून पसार झाली होती. आणि ज्यांच्या दारासमोर लिफ्ट थांबे, त्या बाईंची तक्रार उलटीच: "अख्खा ब्लॉक माझ्या दारावरून जातो. मी कुठली भाजी केली ते सगळ्यांना माहीत." जुन हाओ होक्कियेन या चिनी बोलीत म्हाताऱ्यांना असं बोलतं करत होता की तो लिफ्टवर रुसला होता हे खरं वाटू नये.

सादरीकरणाच्या दिवशी प्रश्न आलाच. पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "फिल्म आवडली. पण यात मलाय कुणी का नाही?"

माना वळल्या. या वेळी मात्र मी तोंड बंद ठेवलं.

हिदाया माइकशी आली. "आहेत ना. मधे एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढतात, दोनदा थांबतात. त्या मलाय आहेत. तुला फक्त पिशव्या दिसल्या?"

"हो."

"मग फिल्म जमली."

ती मग जी बोलत सुटली ती थांबेना. जिन्यांबद्दल, गुडघ्यांबद्दल, कॅमेरा कुठे ठेवला आणि का. सबंध सत्राचं बोलणं तिने एका दिवसात वसूल केलं. वर्ग पांगल्यावर मला म्हणाली, "माझे बाबा शिपयार्डात वेल्डिंग करायचे. त्यांचेही गुडघे गेलेत. महिन्यातून एकदा खाली उतरतात. त्यांना नाही घेतलं. घेतलं असतं तर ती मलाय कुटुंबाची गोष्ट झाली असती." तिचे डोळे भरले होते. माझेही भरले.

त्या वर्षापासून आमच्या वर्गात एक वाक्प्रचार सुरू झाला. कुणी गुळगुळीत, कुणीही म्हणेल असं काही बोललं की मुलं विचारायची, "ते ठीक आहे, पण तुझी लिफ्ट कुठे आहे?" म्हणजे तुझं स्वतःचं काय, जे तुला कधी कुणी विचारलं नाही? अभ्यासक्रमात मी घातलेली ही एकमेव मोलाची गोष्ट, आणि तीही माझी नव्हे.

मार्क कापले गेलेच. मी मिसेस टॅनशी भांडले, परीक्षकांना लांबलचक पत्र लिहिलं, उपयोग शून्य. उमेदवारी दुसऱ्या मुलाला मिळाली. त्याने सणांच्या मिठायांवर फिल्म केली होती. हिदाया म्हणाली, "ठीक आहे, चर," आणि वर्षअखेरीला निघून गेली. ठीक काहीच नव्हतं. त्याची चुटपुट मला बरीच वर्षं राहिली.

काही वर्षांनी अविनाश निवृत्त झाला. त्याची नोकरी संपली, म्हणजे आमचा पास संपला. सामानाची खोकी बांधायला घेतली होती, आणि त्या सगळ्यात दिवाळी आली. जुरोंग ईस्टला एका हॉलमध्ये मंडळाचा फराळाचा कार्यक्रम होता. मी चिवडा द्रोणात भरत होते, तोच मंडळाचे अध्यक्ष जोशी धावत आले. "मेधाताई, टीव्हीवाले आलेत. तुम्हीच बोला. तुम्ही यातल्या."

हात पुसले, पदर सारखा केला आणि गेले. माइक धरून हिदाया उभी होती. रुमाल आता गर्द निळा, चेहऱ्यावर तीच शांतता. कुठल्याशा छोट्या वेबसाइटपासून सुरुवात करून ती स्वतःच्या वाटेने वाहिनीत पोचली होती, हे नंतर कळलं. ती हसली, पण कॅमेरा चालू होता म्हणून काही बोलली नाही. फक्त विचारलं, "आज कसं वाटतंय?"

आणि मी, सबंध हयात याच गोष्टीवर मुलांची डोकी खाल्लेली बाई, ताठ उभी राहून म्हणाले, "आम्हा भारतीयांसाठी दीपावली हा प्रकाशाचा सण आहे. वाईटावर चांगल्याचा विजय..."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कुणी मला भारतीयांच्या वतीने बोल म्हणालं नव्हतं. कॅमेरा दिसला आणि मीच आपण होऊन डब्यात जाऊन बसले.

हिदायाने माइक जरा खाली घेतला. "चर," ती हळूच म्हणाली, "तुमची लिफ्ट कुठे आहे?"

मग जे आलं ते आलं. म्हटलं, "आमची इथली ही शेवटची दिवाळी. पुढच्या महिन्यात परत जायचं. इतकी वर्षं राहिले, पण ज्या दिवशी नवऱ्याचं काम संपलं त्या दिवशी माझं राहणं संपलं. माझी नोकरी, माझी मुलं, माझा बसस्टॉप, कशाचाच त्यात विचार नव्हता. पुण्याला जायचा आनंद आहे, नाही असं नाही. पण दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये कढीपत्त्याची कुंडी आहे. रोपटं लावलं तेव्हा वीतभर होतं, आता माझ्या खांद्याला लागतं. विमानात नेता येत नाही. ती कुणाला द्यायची, या विचाराने मला झोप लागत नाही." आणि सगळ्या मंडळासमोर, चिवड्याच्या हातांनी, मी रडले.

दोन दिवसांनी बातमी लागली. जोशी दिसले, पणत्या दिसल्या, आणि वाईटावर चांगल्याचा विजय झाला. मी नव्हते. हिदायाचा फोन आला. "सॉरी, चर. संपादक म्हणाले, सणाची बातमी आहे, सणच ठेव. मी भांडले."

"आणि?"

"हरले."

"मीही हरले होते," मी म्हटलं. दोघी बराच वेळ हसलो, आणि त्या हसण्यात थोडा रागही होता.

पुढच्या रविवारी ती चोआ चू कांगला घरी आली. कढीपत्त्याची बातमी मंडळात पसरलेली होतीच, त्यामुळे तिघी बायका आधीच कुंडीभोवती उभ्या होत्या. एकीचा फ्लॅट मोठा, एकीच्या घरी ऊन चांगलं, एकीने खत आणून ठेवलेलं. मराठीतून जोरदार चर्चा चालली होती. हिदायाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण कशाबद्दल आहे हे कळायला शब्द लागत नव्हते. तिने झाडाकडे पाहिलं, एक पान चुरडून वास घेतला. "आमच्याकडेही करीमध्ये घालतात," ती म्हणाली. "बाबांना आवडेल. आता ते रोज खाली उतरतात, चर. लिफ्ट आली आमच्या मजल्यावर."

मग तिने पर्समधून टिश्यूचं पाकीट काढलं आणि कुंडीतल्या मातीवर ठेवलं.

"चोप," ती म्हणाली.

तिघी बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. पण सगळ्या सिंगापुरात मुरलेल्या होत्या. चहा झाला, चकल्या झाल्या, ती टॅक्सी बोलवायला खाली गेली. कॉरिडॉरमध्ये गप्पा मारत आम्ही त्या कुंडीभोवतीच उभ्या होतो, आणि पाकिटाला कुणी हात लावला नाही.